लगबगबाईचा डावा पाय

ऑफिसात सगळे त्याला कागदवाला म्हणत आणि त्याला ते मनापासून आवडे. बाकीचे नुसती पडद्यावरची बटणं हलवतात, आपण हाताला लागेल असं काहीतरी करतो, ही त्याची जपून ठेवलेली घमेंड. तसं पोटापाण्याचं काम त्याचंही तेच होतं. वेबसाइटवरची चित्रं हलती करायची आणि त्यांचं कोड लिहायचं. पण त्याच्या टेबलावर कीबोर्डच्या शेजारी कापाकापीची हिरवी चटई, स्टीलची पट्टी, पात्याची सुरी आणि शाई संपलेलं एक बॉलपेन कायम मांडलेलं असे. घडीची रेघ कागदात दाबून घ्यायला रिकाम्या बॉलपेनसारखं दुसरं हत्यार नाही, असं तो नव्या माणसाला बळेच थांबवून सांगे.

कोणी नोकरी सोडून चाललं, कोणाच्या बाळाचा वाढदिवस आला, की कागदवाल्याला फर्माईश होई. मग तो त्या माणसाचं कागदी खेळणं रचून देई, टक्कल, चष्मा, सुटलेलं पोट यांच्यासकट. एकाच पानावर सगळे भाग छापायचे, कापायचे, तुटक रेघांवर दुमडायचे. चिकटवायच्या कडांना आकडे दिलेले असत, एकाला एक, दोनाला दोन. ज्याला शर्टाचं बटण लावता येत नाही त्यालाही हे अर्ध्या तासात जमलं पाहिजे, असा त्याचा हट्ट होता, आणि खरंच जमायचं. लोक त्याची तारीफ करत आणि तो मान किंचित तिरकी करून ऐकत असे.

आता जमायचं कसं, ते सांगायला हवं. जमायचं ते त्याच्या ताईमुळे.

ताई त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. कपडे लांब-आखूड करून देण्याच्या दुकानात ती काम करायची. पँटच्या दोन पायांत दोन मिलिमीटरचा फरक असला तरी तिला पट्टी न लावता दिसे. दर शनिवारी दुपारी ती कागदवाल्याच्या घरी येई. तो तिच्यापुढे नवं पान ठेवी आणि गप्प बसे. गप्प बसायचं, हाच नियम होता. ताई कात्री घेऊन सुरू होई, आणि जिथे तिचा हात अडेल तिथे चूक कागदवाल्याची. "सात नंबरची कड कुठे जाते रे? बोट आत जात नाही," असं ती म्हणाली की तो मुकाट्याने टिपून घेई. अकरा वर्षं हे चाललं होतं. पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव मात्र त्याच्या एकट्याचंच छापलेलं असे. एकदोनदा त्याच्या मनात आलं होतं, की ताईचं नाव घालावं. मग जागा नाही म्हणून राहिलं. बोटभर नावाला जागा नाही म्हणणारा हा माणूस अख्खं पान रचायचा, हे आपण लक्षात ठेवू.

ताईचा डावा पाय जन्मापासून आखूड होता. डाव्या चपलेला ती खालून जाड थर लावून घेई. घरात त्यावर कोणी बोलत नसे, आणि कागदवाला तर नाहीच नाही. त्याचं कारण वेगळं होतं. तो सात वर्षांचा आणि ताई तेरा वर्षांची असताना दोघं एकाच रस्त्याने शाळेत जात. घराकडून दिसेनासं होईपर्यंत तो तिच्याबरोबर चाले, आणि दिव्याच्या खांबाचं वळण आलं की वीस पावलं पुढे निघून जाई. वर्गातल्या पोरांना कळू नये, की ही लंगडत येणारी मुलगी आपली बहीण आहे. मागे वळून तो सहसा बघत नसे. पण ऐकू यायचं. एक पाऊल लांब, एक तोकडं, आणि मधे तळवा घासल्याचा आवाज. ही गोष्ट त्याने आयुष्यात कोणालाही सांगितली नव्हती. ताईनेही कधी विषय काढला नव्हता, त्यामुळे तिला ते माहीतच नाही, असं त्याने स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं.

तर एकदा ऑफिसात मुलांच्या बुटांच्या दुकानांचं काम आलं. त्यांच्या वेबसाइटचं पान उघडायला थोडा वेळ लागे. तेवढ्या वेळात पडद्यावरून कोणीतरी गमतीदार चालत जावं, आणि त्याचंच कागदी खेळणं मुलांना घरी छापून घेता यावं, उतरत्या फळीवर ठेवलं की आपलंआपण डुलत चालणारं. कागदवाल्याला स्वर्ग दोन बोटं उरला. त्याने एक गोलमटोल बाई काढली. डोक्यावर अंबाडा, काखेत छत्री, डाव्या खांद्यावर ही भलीमोठी पिशवी. पिशवी का काढली, असं विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. सुचली म्हणून काढली. नाव ठेवलं लगबगबाई.

पण लगबगबाई काही चालेना. म्हणजे पाय हलायचे, बाई पुढे जायची, पण बघणाऱ्याला काहीच वाटायचं नाही. त्यांच्या गटाची प्रमुख बाई स्पष्टवक्ती होती. "दिसायला गोड आहे," ती म्हणाली, "पण कपाट सरकवल्यासारखी जाते." तीन दिवस कागदवाला डोकं खाजवत बसला. चौथ्या दिवशी त्याने एक पाऊल लांब केलं आणि दुसरं तोकडं. मधे पाऊल जरा घासू दिलं. तोकड्या पावलाला डावा खांदा चांगला खाली झुकवला आणि पिशवीला हेलकावा दिला. पाऊल किती, झोक किती, हे आकडे शोधावेच लागले नाहीत, बोटांना ते आधीच ठाऊक असल्यासारखे पडत गेले. आणि बाई जिवंत झाली.

अख्खं ऑफिस त्याच्या खुर्चीमागे गोळा झालं. पुन्हा लाव, पुन्हा लाव, करत लोक पोट धरून हसले. कागदवालाही हसला.

ही चाल कोणाची, ते त्याला कळलं नव्हतं का? खोटं कशाला बोला, कळलं होतं. कोडमध्ये आकड्यांच्या गटाला काहीतरी नाव द्यावं लागतं. ते नाव पडद्यावर दिसत नाही, आपल्या खुणेपुरतं असतं. त्याने इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'ताईची चाल'. नंतर बदलू, असं म्हणाला. कोड लिहिणारा प्रत्येक जण दिवसातून चारदा असं म्हणतो.

शनिवारी ताई आली. त्याने पान पुढे ठेवलं खरं, पण हात त्यावरून लवकर उचलला नाही. ताईने कापलं, दुमडलं, चिकटवलं. पंचवीस मिनिटांत लगबगबाई उभी राहिली. मग ताईने ती डोळ्यांसमोर धरली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"हिचा डावा पाय आखूड झालाय रे. दोन मिलिमीटर तरी." तिने कागदाची एक बारीक पट्टी कापून त्या पायाखाली चिकटवलीसुद्धा. "हे बघ, आता सरळ उभी राहते."

कागदवाल्याला काहीतरी वेगळं बोलता आलं असतं. बरं झालं सांगितलंस, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तो म्हणाला, "नाही, तो तसाच हवाय. त्याशिवाय चाल गमतीदार होत नाही."

ताईने नखाने हलकेच ती पट्टी सोडवली, कागदाचा पापुद्रासुद्धा निघू न देता. बाहुली तिने फळीवर ठेवली. लगबगबाई डुलत, झुकत, घासत खाली गेली आणि टेबलाच्या कडेशी पडली. ताई हसली नाही. दुकानात काम पडलंय म्हणून चहा न घेताच निघाली. जिना उतरतानाची तिची पावलं कागदवाल्याने खालपर्यंत ऐकली, आणि तिला काही कळलेलं नाही, अशी स्वतःची समजूत घातली. समजूत घालण्यात त्याचा हातखंडा होता.

लगबगबाई गाजली. दोन आठवड्यांत बाराशे चाळीस जणांनी खेळण्याचं ते पान उतरवून घेतलं. कुठल्याकुठल्या घरांतले व्हिडिओ आले, फळीवरून बाई चालतेय आणि तिच्यामागे पोरं तशीच झुकत, पाय ओढत चालतायत. ऑफिसात ते मोठ्या पडद्यावर लावले. कागदवाला पाणी प्यायला म्हणून उठला आणि बराच वेळ पाण्याच्या यंत्रापाशी उभा राहिला.

मग एका संध्याकाळी भाचीचा फोन आला. ताईची मुलगी, चौदा वर्षांची, शाळेत नुकतीच कोड लिहायला शिकत होती आणि मामाचा तिला भारी अभिमान होता.

"मामा, मी लगबगबाईच्या पानाचं कोड उघडून बघितलं. काही काही कळलं मला. पण 'ताईची चाल' म्हणजे काय? ताई म्हणजे आई ना?"

कागदवाल्याने विचारलं, "आईला बोललीस का काही?"

"ती इथेच बसलीय."

फोनमधून मघापासून शिलाई मशीनचा आवाज येत होता. तो थांबला.

पुढच्या शनिवारी ताई आली नाही. कागदवाला टेबलावर नवं पान मांडून बसला होता. चार वाजले, पाच वाजले. अकरा वर्षांत ती तापातसुद्धा आली होती. दोघं रोज भेटत नव्हते, फार बोलतही नव्हते, पण ती शनिवारची दुपार गेली तर आपल्यापाशी आपलं माणूस म्हणावं असं काही उरणार नाही, हे त्याला त्या रिकाम्या खुर्चीकडे बघताना कळलं.

रविवारी सकाळी तो तिच्या घरी गेला. भाचीने दार उघडलं आणि त्याच्याकडे न बघता आत निघून गेली. ताई खिडकीपाशी कोणाच्यातरी पँटचा काठ उसवत बसली होती. मशीनवर लगबगबाई उभी होती. घरी छापून, ताईनेच केलेली असणार. कडा इतक्या सफाईने दुसऱ्या कोणाच्या जुळत नाहीत.

"ताई, चुकलं माझं," तो दारातूनच म्हणाला.

"बस."

तो बसला. मेल्याहून मेल्यासारखं वाटत होतं.

"हसले का लोक?" ताईने विचारलं. हातातलं काम चालूच होतं.

"हो."

"तूपण?"

नाही म्हणावं, असं जिभेवर आलं होतं. "हो," तो म्हणाला.

ताईने दोरा तोडला. "वळणाशी तू पुढे का निघून जायचास, ते मला तेव्हाच माहीत होतं. त्याचं मी कधी काही वाटून घेतलं नाही. सात वर्षांचा होतास. आता एकेचाळीस वर्षांचा आहेस."

कागदवाल्याची मान जी खाली गेली ती वर येईना. फरशीच्या चौकोनांच्या रेघा तो मोजत राहिला.

"आणि एक चूक सांगायची राहिली," ताई म्हणाली, अगदी शनिवारी सांगायची त्याच आवाजात. "सात नंबर, आठ नंबर सांगते, तशी ही सांगते. बघ इकडे."

ती उठली. खिडकीपासून दारापर्यंत चालत गेली आणि परत आली. कागदवाल्याने वर बघितलं. बहिणीला चालताना समोरून, नीट, तो आयुष्यात पहिल्यांदा बघत होता. एक पाऊल किंचित तोकडं पडत होतं, एवढंच. खांदा जेमतेम हलत होता.

"एवढी मी कधीच झुकत नव्हते," ताई म्हणाली. "पायही घासत नव्हते. तुझं दप्तर असायचं माझ्या डाव्या खांद्यावर. खांब आला की माझ्याकडे टाकून पळायचास. आठवत नाही?"

आठवत नव्हतं. आणि मग आठवलं. खांबाशी पोचल्यावर पट्ट्यातून हात काढायची घाई, तिच्या हातात कोंबलेलं ते जड दप्तर, मग मोकळी पाठ आणि वारा. एकदाच कधीतरी त्याने मागे वळून बघितलं होतं. डावीकडे वाकलेली ताई, आणि तिच्या खांद्यावर भलीमोठी पिशवी.

त्याला रडूच आलं. ताईने त्याला जवळ घेतलं नाही की समजावलं नाही. पँट उलटी करून ती पुन्हा शिवायला बसली. शिवता शिवता म्हणाली, "माझी चाल काढून टाक त्यातून. शनिवारचं बघू."

सोमवारी त्याने गटाच्या प्रमुख बाईला, सगळ्यांच्या देखत, ती चाल कोणाची होती आणि कशी घेतली ते सांगितलं. जो तो आपापल्या पडद्यात बघत राहिला. कागदवाल्याने तिथेच बसून दोन्ही पावलं सारखी केली, खांद्याचा झोक शून्यावर आणला, पिशवी पुसली. पाच मिनिटांत जगभर जिथे जिथे ते पान उघडत होतं तिथे लगबगबाई सरळ चालू लागली, कपाट सरकवल्यासारखी. कोडचं हे बरं असतं. एका जागी सुधारलं की सगळीकडे सुधारतं.

कागदाचं तसं नसतं. बाराशे चाळीस घरांत पानं छापून, कापून, चिकटवून झाली होती आणि ती आता परत मागवता येत नव्हती. त्या सगळ्या घरांमध्ये त्याचं दप्तर अजून ताईच्याच खांद्यावर आहे.