शरदिनीचा आवाज करणारा कॅमेरा

काशीतल्या दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत शरदिनी दिसायच्या आधी ऐकू येते. मुंज असो, लग्न असो, दशाश्वमेधावर महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंचा घोळका असो, कुठूनतरी ‘खटाक्’ आलं की लोक म्हणतात, आली शरदिनी. हा आवाज तिच्या कॅमेऱ्याचा. बारा-तेरा वर्षांपूर्वी घेतलेला, नवशिके घेतात तसला साधा डीएसएलआर. त्याच्या पोटात एक आरसा आहे. बटण दाबलं की तो वर उडतो आणि परत खाली आपटतो. मुठीवरचं रबर निघालं होतं ते तिने स्वतः चिकटवलंय, मागच्या पडद्यावर इतके ओरखडे की उन्हात काही म्हणजे काही दिसत नाही. पण त्याला कोणी नावं ठेवलेली तिला खपत नाहीत. ठेवणाऱ्याला ती तोंडावर विचारते, तुमच्या मुंजीचे फोटो यातलेच ना, त्यात तुम्हाला नाक आहे ना?

वय शेहेचाळीस. लग्न केलं नाही. का नाही हे विचारणारेही आता थकले. भाऊ रेल्वेत, कायम फिरतीवर. घरात ती, वहिनी पद्मा आणि वडील काशीनाथशास्त्री. त्यांना घरात अण्णा म्हणतात.

अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. जवळच्या वेदपाठशाळेत घनपाठाची परीक्षा गेली तीस वर्षं तेच घेतात. मंत्रातले शब्द पुढून मागे, मागून पुढे गुंफत, एकही स्वर न चुकवता म्हणायचे, तो घनपाठ. समोर पोथी नाही. परीक्षक मधलाच एखादा शब्द देतो, विद्यार्थ्याने तिथून धरायचं. चुकलं की अण्णा म्हणणार, “थांब. मागून घे.” फार वेळा थांबवलं तर विद्यार्थ्याचं वर्ष गेलं.

या परीक्षेत फोटो काढायचा नाही. फार पूर्वी कुणा पाहुण्याच्या कॅमेऱ्याच्या आवाजाने एका विद्यार्थ्याचा धागा तुटला आणि तो बिचारा नापास झाला. तेव्हापासून अण्णांचा नियम: खटका ऐकू आला की तर्जनी दाराकडे. रागवायचं नाही, वाद नाही, नुसतं बोट. शरदिनीला स्वतःला हे बोट तीनदा मिळालंय. मुलगी म्हणून सूट वगैरे काही नाही. त्यामुळे परीक्षा घेत बसलेल्या अण्णांचा एकही फोटो घरात नाही. आहे तो आधार कार्डावरचा, आणि त्यात ते चोर दिसतात.

पौषात पुण्याहून तिचा मामेभाऊ देवदत्त आपल्या आईच्या वर्षश्राद्धाला आला. मोठमोठ्या लग्नांचा फोटोग्राफर. त्याच्या खांद्याचं ऑपरेशन ठरलं होतं, दोन महिने वजन उचलायचं नाही, म्हणून जाताना आपला भारी मिररलेस कॅमेरा तिच्याकडेच ठेवून गेला.

“यात आरसाच नाही, ताई,” तो म्हणाला. “आवाज बंद केलास की शेजारच्याला पण कळणार नाही. परीक्षेला हाच ने, अण्णांचा फोटो काढ आणि तुझं ते डबडं गंगेत सोड एकदाचं.”

डबडं हा शब्द तिला झोंबला. पण यंदा फोटो काढायचाच, आणि बोट न खाता काढायचा, हे तिने त्याच क्षणी ठरवून टाकलं.

आठ दिवस ती दोन्ही कॅमेरे गळ्यात अडकवून हिंडली. संकठा देवीच्या देवळात, समईच्या उजेडात, नव्या कॅमेऱ्याने पुजाऱ्याचा डोळा असा धरला की पुजारी हलला तरी सोडला नाही. जुना नुसताच घरघर करत राहिला, आणि शेवटी जो फोटो आला त्यात रवा सांडल्यासारखे ठिपके. नव्यातून जसं दिसतं तसंच उतरतं. जुन्यात अंदाजाने दाबायचं आणि मग बघायचं. जुन्याच्या बाजूने बोलायचं तर त्याची बॅटरी दोन दिवस जाते, नव्याची थंडीत दुपारीच संपली. नव्याच्या लेन्सच्या वजनाने मान आखडली. आणि तो पुढे केला की माणसं ताठ होतात; जुना बघून नाववाला हसून विचारतो, “दीदी, ई अबहिन चलत हौ?”, म्हणजे हा अजून चालतो का, आणि त्या हसण्यातच चांगला फोटो मिळून जातो. पाठशाळेतल्या एलईडी ट्यूबखाली तर नव्याने आवाज बंद केल्यावर फोटोभर काळे पट्टे उमटवले. तिने ट्यूब बंद केल्या, पूर्वेच्या खिडक्या उघडल्या, पट्टे गेले. शरदिनी हट्टी आहे, खोटारडी नाही. अंधारात, वेगात आणि शांततेत आपला कॅमेरा साफ हरला, हे तिने मान्य केलं.

राहिली एकच चाचणी. सकाळी अण्णा मागच्या ओसरीवर मंत्र म्हणत बसतात. ती त्यांच्या पाठीमागे चार हातांवर बसली आणि नव्याने पन्नासेक फोटो काढले. अण्णांना पत्ता नाही. ती खूश झाली. मग त्याच जागेवरून जुन्यातून कसं दिसतं ते पाहायला तिने तो डोळ्याला लावला, आणि सवयीने बोट दाबलं गेलं.

खटाक्.

ती बोटाची वाट बघत बसली. बोट आलं नाही. अण्णा म्हणतच राहिले. तिने मुद्दाम पुन्हा दाबलं. स्वयंपाकघरातून पद्मावहिनी डोकावली आणि हळूच म्हणाली, “अगं, ओरडतील ना.” अण्णांची मानसुद्धा हलली नाही.

शरदिनीने कॅमेरा खाली ठेवला. अण्णांना ऐकूच आलं नव्हतं. मग एकेक गोष्ट आठवत गेली. दूधवाला हाका मारून थकतो. विद्यार्थ्यांना अण्णा हल्ली ‘समोर बस, उजेडात बस’ म्हणतात. म्हणजे ते ओठ आणि स्वर दाखवणारा हात बघून ऐकत होते. गेल्या परीक्षेत शार्दूल नावाच्या विद्यार्थ्याला त्यांनी एकदाही थांबवलं नव्हतं. शार्दूलचा आवाज बारीक. तेव्हा मागे बसलेले दोघे-तिघे कुजबुजले होते की त्याचा एक स्वर चुकला. यंदा हाच शार्दूल शेवटच्या परीक्षेला बसणार होता.

तिने देवदत्तला फोन केला.

“मग सोपंच झालं,” तो म्हणाला. “माझाच कॅमेरा वापर. खटका नाही, बोट नाही, कुणाला काही कळायचं कारण नाही.”

“लोकांना कळणार नाही, ते मला कळलं,” शरदिनी म्हणाली. “पण ती मुलं दहा-बारा वर्षं घोकतात, आणि त्यांना पास-नापास करणाऱ्याला ऐकू येत नाही. हे मी फोटो काढून झाकू?”

दुसऱ्या दिवशी ती अण्णांच्या मागे उभी राहिली, दहा वेळा खटाखट दाबलं आणि मग समोर येऊन मोठ्याने विचारलं, “अण्णा, किती वेळा वाजला?”

“काय वाजलं?” अण्णांनी विचारलं. मग तिच्या हातातला कॅमेरा बघितला, दारात उभ्या पद्मावहिनीचा चेहरा बघितला आणि त्यांना सगळं समजलं. ते चिडले. मला स्वच्छ ऐकू येतं, तुझा कॅमेराच बिघडलाय, म्हणाले. जेवायला बसले नाहीत. संध्याकाळी आपण होऊन तिच्याजवळ आले.

“दोन वर्षं झाली,” ते म्हणाले. “शरदे, कानाला मशीन लावून मंत्र ऐकायचा म्हणजे लोक हसतील गं.”

“मी डोळ्याला मशीन लावून जग बघते,” ती म्हणाली. “माझं बघणं खोटं आहे का? मशीन लावायचं नसेल तर परीक्षा सोडा. दोन्हीपैकी एक. तिसरं मी चालू देणार नाही.”

स्वतःच्या बापाशी ती असं कधी बोलली नव्हती, पण ती मागे सरली नाही. अण्णा उठले आणि म्हणाले, “उद्या चल.”

गल्लीतून मैदागिनच्या चौकापर्यंत पायी आणि पुढे रिक्षाने ती त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. मशीन मिळालं, आणि खरा छळ तिथून सुरू झाला. भांडी डोक्यात वाजायला लागली, गल्लीतली मोटारसायकल कानातूनच गेल्यासारखी वाटायला लागली. अण्णा मशीन काढून ठेवायचे, शरदिनी परत घालायची. मग तिने रोजचा सराव ठरवला. अण्णांनी पाठ करून बसायचं आणि तिने मागून कॅमेरा वाजवायचा. ऐकू आला की बोट वर.

पण अण्णा वस्ताद. तिसऱ्या दिवशी ते अंदाजानेच बोट वर करायला लागले. तेव्हा शरदिनीने दोन्ही कॅमेरे घेतले. कधी जुना दाबायची, खटाक्. कधी देवदत्तचा दाबायची, चिडीचूप. मुक्या कॅमेऱ्यालाही बोट वर आलं की म्हणायची, “अण्णा, फसवताय. पहिल्यापासून.” हा खेळ पद्मावहिनी पोळ्या लाटता लाटता बघायची आणि कोण चुकलं ते मोजायची. आधी चार हातांवरून, मग आठ, मग ओसरीच्या पार टोकावरून. पाचव्या आठवड्यात एका सकाळी चाळीसपैकी चाळीस बरोबर आले. त्या दिवशी अण्णांनी दुसऱ्यांदा वरण मागून घेतलं.

माघात परीक्षा झाली. ट्यूब बंद, पूर्वेच्या खिडक्या उघड्या. अण्णा आसनावर बसले आणि कुजबुज सुरू झाली. म्हाताऱ्याच्या कानात काय आहे? यंदा नाशिकहून आलेल्या दुसऱ्या परीक्षकांनीही मान वाकडी करून बघितलं. अण्णांचे कान लाल झाले, पण हात मशीनकडे गेला नाही. शरदिनी भिंतीशी बसून देवदत्तच्या कॅमेऱ्याने काढत होती. तीनशेवर फोटो झाले, कुणाला चाहूल नाही. विद्यार्थ्यांचे हात, अण्णांच्या भुवया, सगळं लख्ख. इतकी वर्षं हवा होता तो फोटो मिळाला होता. आता उठून घरी जायला काहीच हरकत नव्हती.

पण मागच्या ओळीत कुणीतरी म्हणालंच, “ऐकू येतंय की नुसतंच लावलंय?” पुढचा नंबर शार्दूलचा होता.

आधीच्या विद्यार्थ्याचं म्हणून झालं, तो उठला. शार्दूल अजून आसनापाशी पोहोचायचा होता. मंत्र थांबलेला, कुणाचा धागा तुटण्याचा प्रश्न नाही. शरदिनीने देवदत्तचा कॅमेरा पिशवीत ठेवला, आपला बाहेर काढला, डोळ्याला लावला आणि दाबला.

खटाक्.

सभेतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या, मग अण्णांकडे. क्षणभर तिला वाटलं, संपलं, आपण घात केला. आणि अण्णांची तर्जनी वर आली. सरळ दाराकडे. तिने त्या बोटासकट अजून एकदा दाबलं.

“दोनदा वाजवलास,” अण्णा म्हणाले. “बाहेर.”

सगळी पाठशाळा हसली. नाशिकचे परीक्षकही हसले. मागच्या ओळीतला तो माणूस हसला नाही, खाली बघत बसला. शरदिनी उठली, चपला घातल्या आणि बाहेर पायरीवर येऊन बसली. तिचे डोळे वाहत होते आणि ते पुसायची तिला घाई नव्हती.

ओरखड्यांच्या पडद्यावर हात आडवा धरून तिने फोटो बघितला. तिरका आलेला, बोट हललेलं, रवा सांडलेला. पडद्याचा तसाच मोबाइलने फोटो काढून तिने देवदत्तला पाठवला.

लगेच उत्तर आलं: ‘ताई, हा काय फोटो आहे? माझ्या कॅमेऱ्यातले पाठव ना.’

तिने लिहिलं: ‘ते पण आहेत, फार छान आहेत. पण हा तुझ्या कॅमेऱ्यात आलाच नसता.’

आतून शार्दूलचा बारीक आवाज येत होता. दाराबाहेर तिला शब्दसुद्धा नीट लागत नव्हते. ती कान देऊन ऐकत राहिली. एका ठिकाणी तो आवाज अडखळल्यासारखा झाला आणि तसाच पुढे गेला.

“थांब,” अण्णा म्हणाले. “मागून घे.”