देवयानीवरचा डाग

साखरेनं मायच्या डोळ्यांचे पडदे खाल्ले. हैदराबादेत कोठीच्या डोळ्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डोळ्यांत सुया देऊन पाहिल्या आणि शेवटी सरळ सांगितलं, की आहे तेवढी नजर काही महिने टिकेल, पुढचं सांगवत नाही. आम्ही रिक्षानं बरकतपुऱ्याच्या घरी परत निघालो. घराजवळ आल्यावर माय म्हणाली, "बाई, तो आभाळातला धूर तेवढा एकदा बघायचा होता."

हा धूर मी लहानपणापासून ऐकत आले होते. नांदेडकडच्या तिच्या गावी, दिवाळीच्या सुमारास माळवदावर बसून तिच्या वडिलांनी, आबांनी, तिला एक पुसट पांढरा ठिपका दाखवला होता. तिकडं कुणाचीतरी चूल पेटलीय, म्हणाले होते. लग्न होऊन ती हैदराबादला आली आणि इथल्या दिव्यांत ती चूल तिला पुन्हा दिसली नाही. ती चूल म्हणजे देवयानी दीर्घिका, हे मला फार उशिरा कळलं. माझ्याकडे जुना कॅमेरा होता. ताऱ्यांच्या चालीनं तो फिरवणारं लहानसं यंत्र विकत घेतलं आणि ठरवलं, नजर आहे तोवर मायला तिची चूल दाखवायचीच.

मला वाटलं होतं, फोटो काढायचा आणि दाखवायचा. पण इथं नमनालाच घडाभर तेल. शहरातल्या गच्चीवरून एका फोटोत दिसतो तो नुसता तांबूस उजेड. तसे पुष्कळ फोटो काढून संगणकावर एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे खरं असेल ते ठळक होतं आणि दाणेदार कचरा विरतो. शिवाय कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष वजा करायचे. त्यासाठी झाकण लावून अंधाराचे फोटो घ्यायचे. ते पाहून माय हसत सुटली. "झाकण लावून फोटो? डोकं ठिकाणावर हाय ना?"

त्याहून अवघड ते पांढरे फोटो. लेन्सवर पांढरं कापड ताणून उजेडाकडे धरायचं, म्हणजे आतली धूळ कुठे बसलीय ते कॅमेरा दाखवतो आणि संगणक तेवढे डाग पुसतो. घरात धड पांढरं कापड सापडेना. मायनं आपण होऊन कपाटातून बुद्धविहारात नेसायची पांढरी साडी काढली. वंदनेशिवाय ती साडी ती कधी नेसायची नाही. मी नको म्हणाले तर म्हणाली, "घे गं. हे बी चांगलंच काम हाय."

दिवाळीनंतर आभाळ निवळलं तेव्हा जेवणाआधी गच्चीवर आकाशाचे फोटो घेतले, अंधाराचे घेतले. पांढरे सकाळच्या उजेडात घेऊ म्हटलं. आता आमच्या घरची रीत अशी, की वापरलेली वस्तू पुसल्याशिवाय कपाटात जात नाही; मायनं ही सवय आम्हाला रट्टे देऊन लावली. मी लेन्स काढली, आतली धूळ फुंकणीनं उडवली, सगळं लख्ख करून ठेवलं आणि सकाळी साडी ताणून पांढरे फोटो घेतले. जी धूळ दाखवायची तीच मी उडवून बसले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

फोटो रचून झाला. देवयानी आली होती, तिरकी, धुरासारखीच. पण तिच्या अंगावर एक काळसर गोल डाग तसाच राहिला होता. मायनं लॅपटॉप नाकाशी धरला. बराच वेळ पाहून म्हणाली, "हाच. आबांची चूल." मग बोट टेकवून हळूच विचारलं, "हा डाग फोटोत हाय का माझ्या डोळ्यात?"

"फोटोत आहे, माय. माझीच चूक."

तिनं इतका मोठा श्वास सोडला, की मला भरून आलं. त्या डागाचा मला राग होता आणि तिला त्याच्यामुळे हायसं वाटत होतं. तरी मी म्हटलं, हा काही खरा फोटो नाही, तुला स्वच्छ काढून देते.

पण मुहूर्तच लागेना. कधी ढग, कधी धुकं, कधी मायच्या सुया. थंडी सरत आली तेव्हा एक संध्याकाळ मोकळी मिळाली, देवयानी पश्चिमेला कलली होती. या खेपेला मी कॅमेऱ्याला फुंकरसुद्धा घातली नाही. लगेच गच्चीवरच साडी ताणली आणि मागून टॉर्चचा उजेड दिला. फोटो रचला. डाग नव्हता. मधला गाभा दुधाळ, कडेच्या धुळीच्या रेघा वेगळ्या दिसत होत्या. इतकं चांगलं काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

मायला खुर्चीवर बसवून लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला. तिनं मान डावीकडे केली, उजवीकडे केली. बोट पडद्यावरून फिरत फिरत बरोबर उजळ गाभ्यावर येऊन थांबलं.

"डाग ऱ्हायलाच की गं," ती म्हणाली. "मोठा दिसायलाय आता. फोटोतच हाय ना?"

तिच्या नखाभोवती सगळा उजेड होता.

"हौ, माय," मी म्हणाले. "फोटोतच आहे."

"मग परत काढ," ती म्हणाली. "साडी धुऊन ठेवते मी."