उपासाचं मीठ

मले कंडक्टरची नक्कल येते, हेडमास्तरची येते. पण आईले डॉक्टरचीच लागे.

दोन वर्षांआधी तिच्या पोटातल्या गाठीले नागपूरले शेक दिले. मशीनचे, किरणांचे. गाठ गेली, पण किरणांच्या वाटेत किडन्याही सापडल्या. यंदा पाय सुजले, बीपी चढला. यवतमाळचे डॉक्टर नाकातल्या नाकात बोलले, "शेकामुळे किडनी दुखावलीय. मीठ पाणी धरून ठेवतं, बीपी वाढवतं. तिला आता ते झेपणार नाही. अगदी कमी करा. नाहीतर डायलिसिसची वेळ येईल."

घरी आळणी वरण पाहून आईनं तोंड फिरवलं. "हे माणसाचं जेवण व्हय? ढोराले तरी ढेप भेटते!"

मी बाबाचा चष्मा नाकावर ओढला. नाकातून म्हटलं, "मावशी, मीठ बंद म्हणजे बंद!"

आई हासली. "अन् डॉक्टरसाहेब, उपासाचं?"

"उपासाचं? ते चालते काय, दौडते!"

आई पोट धरून हासली, दोन घास जास्त जेवली. दुसऱ्या दिवसापासून तं ताट साफ करू लागली. मी मोहल्ल्यात सांगत फिरलो, माह्या नकलेनं माय जेवते म्हणून.

तीन महिन्यांत सूज चेहऱ्यावर आली. डॉक्टरनं रिपोर्ट पाह्यला, मंग आईकडे पाह्यलं. "मीठ खाता?"

"नाही जी, चिमूटभर नाही. शेंदेलोन टाकतो, उपासाचं. तुमीच तं हो म्हटलं."

"मी?"

"ह्या पोट्ट्याजवळ. हा तुमचं बोलणं जसंच्या तसं सांगते."

डॉक्टर माह्याकडं पाहून राह्यले. मी फरशीकडं.

"मावशी, शेंदेलोन पण मीठच आहे."

आईले बाहेर बसवून मी परत आत गेलो. "साहेब, माह्यानंच झालं का?"

"शेकाचं नुकसान होतंच. मिठानं त्यात किती भर घातली, ते सांगता येणार नाही."

आता मी मोरीत नळ सोडून डॉक्टरच्या आवाजात बोलून पाह्यतो, 'तुझ्यामुळे नाही झालं.' नाक बरोबर लागते, आवाज बरोबर लागते. पण पटत नाही. येत्या मंगळवारी पुन्हा रिपोर्ट हाय. किडनी अजून घसरली तं डायलिसिसवर घ्या लागन म्हणते.

शेंदेलोनाची बरणी मी नालीत रिकामी केली. काल आई आळणी भाजीत नुसती बोटं फिरवून राह्यली होती.

"कर ना रे डॉक्टर. त्याबिगर घास उतरत नाही."

मी चष्मा उचलला अन् तसाच खाली ठेवला. "आई, थे मी बोललो होतो. डॉक्टर नाही. मजाक केली होती मी."

आईनं भाजीतली बोटं काढली. मंग ताट माह्याकडं सरकवलं.

"भैताड," म्हणे. "मंग आता तुह्याच आवाजात सांग, हे मी खाऊ कसं?"