ताजं गाणं

भांडण झालं तेव्हा झुंबरबाई गोठ्यात शेण भरत होती. मध्ये नुसती कुडाची भिंत, त्यामुळं बापलेकीचा शब्द न् शब्द तिच्या कानावर आला.

"रेडिओत गाणार म्हनं! तमाशात तरी लोक तोंड बघतेत," तिचा नवरा लिंबाजी ओरडत होता. "हैदराबादला गेलीस तर मी बोलावल्याबिगर या दारात पाय टाकायचा न्हाई."

"पाय न्हाई टाकत, बा," दैवशाला म्हणाली. "आवाज टाकते. त्येला दार लागत न्हाई."

लेक गेली. झुंबरबाई पाटी हातात धरून तशीच उभी राहिली. दोघं एकाच मातीची, आवरायचं तरी कुणाला?

पोलीस ॲक्शनला चार-पाच वर्षं होऊन गेली असतील, तेव्हा सरकारनं चावडीला रेडिओ दिला. तो बॅटरीवर चालायचा, आणि बॅटरी उतरली की चुडाव्याला पिठाच्या गिरणीत, इंजिनावर भरून आणावी लागायची. पंचांनी विचारलं, कोण नेईल? आत कातडं जाळणारं तेजाब, वजन चांगल्या बोकडाएवढं. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायला लागला. लिंबाजी उठला. का उठला ते त्यानं सांगितलं नाही, बायकोनंही विचारलं नाही. मग तेच त्याचं काम होऊन बसलं. डाव्या खांद्यावर पोत्याची चुंबळ, तिच्यावर बॅटरी, आणि चाल अशी की भरली घागरसुद्धा हिंदकळू नये. तरी सदऱ्याला तेजाबानं भोकं पडायचीच. झुंबरबाई ठिगळ लावायची, ठिगळालाही भोक पडायचं.

शनिवारी संध्याकाळी हैदराबादहून गाण्याची बैठक लागायची. आधी नावाजलेले गवई, मागून नवी पोरंपोरी. मास्तरांनी गावाला समजावलं होतं, की कधी बाई तिथं गाते त्याच दमाला इथं ऐकू येतं, आणि कधी आधी भरून ठेवलेली तबकडी लावतात. गावानं दोन्हींचं बारसं करून टाकलं: ताजं गाणं आणि शिळं गाणं. दैवशालाचं ताजं. आप्पाराव पाटील रेडिओच्या पेटीकडं बोट करून "पुन्हा एकदा!" असं फर्मावायचे, आणि ती पुढचं गाणं धरायची. मग पाटील लिंबाजीवर डोळे काढायचे.

"लिंब्या, तुज्या पोरीला मोठ्याचा मान न्हाई."

"बापाचं ऐकंना ती, पाटील, तुमचं कवा ऐकती?"

असं म्हणायचा, आणि त्या रात्री एक भाकरी जास्त खायचा.

बायका चावडीच्या मागं बसायच्या. तिथंच एका शनिवारी झुंबरबाईला खोकला ऐकू आला. ओळीच्या मधोमध, बारीकसा. पुढच्या खेपेला दोनदा. दिवाळीनंतर एकदा तर तबलजी नुसता ठेका धरून वाट बघत राहिला.

"अवो, पोरगी झिजायलीय. बोलवा तिला."

"गाती न्हवं? गाती तवर बरी हाय."

"तुमच्यासाठी अडलीय ती. एक शब्द टाका."

"बघू, नागपंचमीला."

त्यानंतर उन्हाळाभर तिचं नाव लागलं नाही. बॅटरीच कमी भरली असंल, म्हणून लिंबाजी भर उन्हात चुडाव्याच्या खेपा घालत राहिला.

आखाडात एका शनिवारी रेडिओवाला उर्दूत बरंच काही बोलला. त्यात नाव आलं: "आँजहानी दैवशालाबाई." मग गाणं लागलं. आवाज घासलेल्या तांब्यासारखा लख्ख. शेवटपर्यंत एकदाही खोकला नाही.

त्या शनिवारी झुंबरबाई घरीच होती; लिंबाजी चावडीवरून आला तो जमिनीवर नव्हताच. "ऐकलं का? खोकला गेला! आन् नावाआधी काय म्हनले? आँजहानी! निजामाच्या येळंला खिताब द्यायचे न्हाईत का, तसलं हाय. पाटील बी म्हनले, लय मोठा खिताब हाय."

पाटलांना न कळलेल्या गोष्टीला मान डोलावायची सवयच होती. झुंबरबाईला मात्र तो शब्द ओळखीचा होता. लग्नाआधी ती जागीरदाराच्या घरी सारवायला जायची. तिथली बेगम आपल्या जुन्या दिवाणजींचं नाव घेताना 'आँजहानी' म्हणायची. झुंबरबाईनं एकदा विचारलं, तेव्हा बेगम म्हणाली होती, "जो हिंदू उस जहान को चला गया, उसको बोलते."

शिळं गाणं होतं ते.

सकाळी लिंबाजीनं चुंबळ झटकली. "बॅटरी गिरणीत टाकतो आन् तसाच हैदराबादच्या गाडीत बसतो. पंचमीला घेऊन येतो तिला. मी सोता बोलवायला आलो म्हनल्यावर येईल न्हवं?"

झुंबरबाईच्या ओठापर्यंत आलं होतं. पण इतक्या वर्षांनी त्याचं तोंड उघडलं होतं, ते मिटवायला तिची जीभ रेटेना.

"येईल," ती म्हणाली.

"भाकरी जास्तीच्या बांध. येताना दोघं असू."

"येईस्तोवर शिळ्या होतील की."

"होऊ दे. तिला शिळीच आवडती, दह्यात चुरून."

तिनं तोंड फिरवून भाकरी बांधल्या. तीच त्याची बॅटरीची शेवटची खेप. लिंबाजीनं चुंबळ डाव्या खांद्यावर ठेवली, तिच्यावर बॅटरी घेतली आणि बांधावरून चुडाव्याच्या वाटेला लागला. तेजाबाचा थेंब सांडू नये म्हणून खांदा हलू न देता, नेहमीसारखा.