बिंदुमाधवाची वीस अंगुळं

बिंदुमाधव रामघाटावरचा. आजोबा होमकुंडं बांधायचे, वडीलही तेच. हा मात्र त्याच शहरात, लहरतारा वस्तीत गॅरेज टाकून गाड्यांच्या स्प्रिंगा बघतो. घराण्यातून त्याने एकच गोष्ट बरोबर नेली: माप बोटांनी घ्यायचं. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या काठापर्यंत चार-चार बोटं टेकवत जायचं, एक बोट म्हणजे एक अंगुळ. भिंतीवर टेप आहे, पण त्याची बायको कालिंदी म्हणते, तो पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या कपबशांसारखा.

त्या मंगळवारी सिगरा भागातले शरदकाका सकाळीच गाडी घेऊन हजर. बँकेतून रिटायर झाले तरी बोलण्यातली घाई गेलेली नाही.

"बिंदू, मागून डावीकडे बसलीये. ब्रेकरवर घासते. आणि तुझ्या काकूला एक वाजता इस्पितळातून सुट्टी मिळतेय."

प्रभावतीकाकूंच्या डाव्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. इस्पितळात जाताना याच गाडीत सगळा भार दुखऱ्या बाजूवर आला होता. येताना तसं नको, एवढंच त्यांचं मागणं. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने जमिनीपासून उंची मोजून निकाल दिला होता: डावी स्प्रिंग गेली, चार दिवस लागतील.

"टॅक्सी करा ना काका."

"ती म्हणते, आपल्याच गाडीतून. तू समझावून बघ तिला."

बिंदूने गाडी सपाट फरशीवर घेतली, चारही चाकांत हवा बरोबर केली आणि मागचा भाग दोनदा दाबून सोडला, म्हणजे स्प्रिंगा आपल्या जागी बसतात.

"मी उजवी मोजतो, तू डावी," काका बाह्या सरसावत म्हणाले. "टाइम वाचेल."

डावीकडे वीस अंगुळं भरली. उजवीकडून आवाज आला, "बावीस."

म्हणजे स्प्रिंगच. बिंदूने जॅक ओढला. तेवढ्यात काका चष्मा पुसताना दिसले आणि तो थबकला.

"काका, हात दाखवा जरा."

"आता ज्योतिषही बघतोस का?"

बिंदूने त्यांच्या हाताशी आपला हात लावला. काकांची बोटं समईच्या वातींसारखी, याची पान्हे फिरवून जाड झालेली.

"बाबांनी एका कुंडाला दोघांची बोटं लावली असती तर यजमान उठून गेला असता. आणि मी स्प्रिंग काढायला निघालो होतो."

त्याने दोन्ही बाजू स्वतः मोजल्या. वीस आणि वीस. मग चाकाच्या मध्यापासून खाली जमिनीपर्यंत मोजलं. उजवीकडे पंधरा, डावीकडे चौदा.

"हे चाक कधी बदललंत?"

"दोन महिने झाले. पंक्चर झालं, स्टेपनी लावली. मूळचं दुरुस्त करून डिकीत टाकलंय."

"स्टेपनीचा टायर ठेंगणा आहे, काका. जमिनीपासून मोजलं की त्याचा दोष स्प्रिंगच्या माथी जातो."

डिकीतलं मूळचं चाक परत बसवलं. गाडी चालवायला बिंदू स्वतःच बसला. इस्पितळातून काकूंना घेतलं, उशा देऊन मागे बसवलं, काका पुढे. सिगऱ्याआधीच्या मोठ्या ब्रेकरपाशी काकूंनी डोळे मिटून वरची कडी गच्च धरली. गाडी चढली, उतरली. पुढचा चौक आला तरी मूठ तशीच.

"गेला, काकू."

"गेला? मग गाडी घासली की ओरडतात तसे हे ओरडले कसे नाहीत?"

काकूंनी कडी सोडली, पदर नीट केला.

"बिंदू, जरा बाजारावरून घे. आठवडाभर नुसती भिंत बघितलीये."