तपकिरी चाकांचे तज्ज्ञ

आमच्या दिवेआगरात विद्वानांची वाण कधीच नव्हती. पण खेळण्यातल्या जुन्या मालगाड्यांच्या चाकांवर अधिकारवाणीने बोलणारा विद्वान एकच, आमचे शेजारी हर्षदराव. स्वतःच्या स्कूटरचा टायर पार गुळगुळीत झालेला त्यांना दिसत नाही. पण खेळण्यातली वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, हातात आली की चाक आऱ्यांचं की सपाट, ओतीव की पत्र्याचं, कड जाड की बारीक, एवढ्यावरून ते तिचं साल सांगतात. आपण विचारलेलं नसलं तरी सांगतात. त्यांच्या घरी पर्यटक उतरतात ते समुद्रासाठी, आणि नाश्त्याला घावन्यांबरोबर चाकांवरचं व्याख्यान पदरात पाडून घेतात. शेवटी त्यांची बायको केसर चहा आणते आणि पाहुण्यांची सुटका करते.

व्याख्यानाचा समारोप ठरलेला. "ही वाघीण मला लहानपणी मुंबईच्या काकांनी दिली. आमच्या बाबांनी उभ्या जन्मात एक खेळणं दिलं नाही." बाबा, म्हणजे धर्माजी, तिथेच ओटीवर सुपारी सोलत बसलेले असतात. ते ऐकतात आणि पुढची सुपारी हातात घेतात.

त्या वाघिणीची चाकं म्हणजे हर्षदरावांचा जीव की प्राण. गडद तपकिरी, आत पांढुरक्या नसा, आस नेहमीपेक्षा बारीक. अशी चाकं कुठल्याच कंपनीने काढल्याचं ऐकिवात नाही. यावरून तुम्ही-आम्ही जो निष्कर्ष काढला असता, तो त्यांनी काढला नाही. प्लास्टिकच्या पहिल्या जमान्यातला हा अज्ञात प्रकार आहे, असं त्यांनी जाहीर केलं. मुंबईच्या संग्राहक मंडळाने तपासणीला अल्पेशभाईंना पाठवायचं ठरवलं. प्रकार खरा ठरला, तर तो हर्षदरावांच्या नावाने ओळखला जाणार होता. आपल्याला गावात कुणी विचारत नाही, हे त्यांचं जुनं दुखणं. त्यावर अखेर औषध सापडलं होतं.

अल्पेशभाई आले. टाळ्या वाजवायला कुणीतरी हवं म्हणून मलाही बोलावणं होतं. ओटीवर टेबल मांडून त्यावर काळी मखमल अंथरली होती. अल्पेशभाईंनी भिंग काढून वाघीण अलगद उचलली, तर खाली मखमलीवर पांढुरकं पीठ.

"हे काय?"

"जुनं प्लास्टिक असंच झिजतं," हर्षदराव म्हणाले. विद्वानाला उत्तर कधी कमी पडत नाही.

धर्माजी उठून आले. त्यांनी पिठाला बोट लावून हुंगलं. "झिजतंय कुठलं? कीड लागलीय. उन्हात घाल."

"बाबा, प्लास्टिकला कीड लागत नाही!"

"प्लास्टिकला न्हाय लागत. सुपारीला लागते."

अल्पेशभाईंनी भिंगातून पुन्हा पाहिलं आणि भिंग खिशात ठेवलं.

"तीन वर्सांचा व्हतास. काकानं गाडी दिली त्याच दिवशी तू चाकं इहिरीत टाकलीस," धर्माजी लेकाला म्हणाले. "आन् मग जेवंना. तवा आपल्याच वाडीतल्या सुपाऱ्या कापल्या, कानस मारून गोल केल्या, छत्रीची तार घातली, वरनं व्हारनिस लावलं. गाडी पळाया लागली, तवा जेवलास."

"धर्माजीकाका, मग इतकी वर्षं गप्प का बसलात?" मी विचारलं.

"मला कुणी इचारलं?"

खरं सांगायचं तर मी हसायच्या तयारीनेच गेलो होतो. पण हर्षदरावांचं तोंड पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं जपलेली थट्टा ऐन वेळी अशी कुचकामी निघावी, याचा थोडा रागही आला.

अल्पेशभाई मनाने चांगले. "माझ्याकडे अस्सल जुनी चाकं पडून आहेत," ते म्हणाले. "ती बसवा. वाघीण पूर्ण होईल."

हर्षदराव ते किडलेलं चाक बोटाने फिरवत राहिले. "नको," ते म्हणाले. "एकच तर खराब झालंय. बाबा, नवीन कापून द्याल?"

"माझं डोळं आता चालत न्हाईत. तू काप, मी सांगतो." धर्माजींनी टोपलीत चाचपून एक सुपारी निवडली आणि लेकाच्या हातावर ठेवली. "पावण्यांना सांगतोस ते खरंच हाय. खेळणं न्हाय दिलं मी. चाकं तेवढी दिली."

 कानस शोधायला म्हणून हर्षदराव आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.