उगवतीला जाणारं पाणी

दाढी खाजवायची, पाण्याकडे बघायचं आणि म्हणायचं, "बेत बदलला." असा एखादा माणूस तुमच्याही शेजारी राहिला असेल. माझ्या शेजारचा तर बोलता बोलता बेत बदलायचा आणि वर आपल्यालाच विचारायचा, "मग, निघायचं ना?"

पंचावन्नच्या आसपासची गोष्ट. पिंपरीत नवा कारखाना उभा राहत होता. आम्ही दोघं तिथं फिटर, आणि चिंचवडला नदीकाठी भिंतीला भिंत लागून बिऱ्हाडं. मी चाकणचा, तो रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा. यंत्रं ज्या लाकडी खोक्यांतून यायची, त्यांच्या फळ्या साहेबांकडून मागून आणून त्यानं होडी केली. फटींत सुतळी आणि डांबर. एका बाजूला छापील इंग्रजी अक्षरं उलटी राहिली होती. सगळी आळी हसली.

होडी बायकोसाठी होती. लग्न होऊन इथं आल्यापासून वहिनी झुरत होत्या. खाडी दिसत नाही म्हणून घास उतरेना. तेव्हा यानं बेधडक ठोकून दिलं, "अगो, ही पवना आपल्याच खाडीला जाऊन मिळते!" आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. मी कपाळावर हात मारून घेतला. पण वहिनी जेवायला लागल्या. दारातल्या डब्यात अबोली लावली होती, तिची फुलं रोज पाण्यात सोडायच्या. माहेरी पोचतील म्हणून.

रविवारी आम्ही तिघं निघायचो. बेत ठरलेला, दापोडीचा संगम. वाटेत बंधाऱ्यापाशी होडी खडकाला टेकायची. "बेत बदलला. इथंच भाकरी खाऊ." एकदा म्हशी पाण्यात आडव्या बसल्या. काठावरून गुराखी ओरडला, "पाव्हनं, ह्या काय हलायच्या न्हाईत, तुमीच वळा!" आम्ही मुकाट वळलो. वहिनी पोट धरून हसत होत्या. संगम काही आम्हांला गाठता आला नाही.

त्या म्हशींच्याच दिवशी तो खाली उतरून होडी ढकलत होता, तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, "भावोजी, हे पाणी उगवतीला जातं. आमची खाडी मावळतीला. मला काय दिशा कळत नाहीत? पण यांना बोलू नका हो. मी फुलं सोडते तेव्हा यांचा चेहरा बघा."

मी बोललो नाही.

वर्षाच्या आत वहिनी तापानं गेल्या. मला रडू आलं नाही. त्यालाही नाही. तेरावं होताच कामावर गेलो, नटबोल्ट आवळले, डबे खाल्ले. चव कशालाच नव्हती. अस्थींचं मडकं अजून चाळीबाहेरच्या झाडाला टांगलेलं होतं. शेजारच्यांनी सांगितलं, संगमावर सोडून ये. "होडीनं नेतो," तो म्हणाला.

पावसाळा सरत आला होता, नदी भरलेली. बंधारा पाण्याखाली होता, होडी वरून अलगद गेली. म्हशी नव्हत्या, वारा नव्हता. पहिल्यांदाच आम्ही ठरल्या ठिकाणी पोचलो.

मांडीवर मडकं घेऊन तो कितीतरी वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग दाढी खाजवली. "बेत बदलला."

"आता काय?"

"हे पाणी तिला भलतीकडेच नेईल. मी खोटं सांगितलं होतं तिला. एस.टी.नं खाडीवर नेतो."

माझ्यानं राहवलं नाही. "वहिनींना ठाऊक होतं," मी म्हणालो.

त्यानं वर पाहिलं. चेहरा तसाच, कोरा.

"ठाऊक होतं? मग तर न्यायलाच हवं."

होडी काठाला लावून तो उतरला. मडकं पंच्यात बांधलं आणि रस्त्याकडे चालायला लागला. मागं वळला नाही. पुढे कामावर आला नाही, खोलीवरही नाही. अबोली डब्यातच वाळली.

तो गेला तेव्हा मी होडीतच होतो, आणि मला वल्हवता येत नव्हतं. वल्हं हातात होतं आणि होडी आपली आपण काठ सोडून उगवतीकडे निघाली. खालच्या घाटावरून कुणीतरी दोर टाकेपर्यंत मी नुसता बसून होतो.